पिकेल तर फेडेल : वकिलीच्या पदवीला जमीन जामीन नाही



कापसाचा भाव, पीकविमा, वीजबिल हे विषय सोडून जिल्ह्याच्या बैठकीत वकिलीच्या फीबद्दल काय बोलायचे, असे काही जण विचारतील. बोलायचे कारण आहे. गावागावांतून बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरेपोरी आता वकिली शिकू म्हणतात. त्यातली काही इंग्लंड-अमेरिकेला जाऊन शिकू म्हणतात. त्यांच्या मागोमाग शहरातला एजंट गावात येतो. रंगीत कागद दाखवतो. पन्नास टक्के शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणतो. आणि चहा संपता संपता विचारतो, "काका, सात-बारा कोणाच्या नावावर आहे?"

त्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी आमचे ऐका. आमचे म्हणणे एका वाक्याचे आहे. पोरांनी शिकावे, कर्ज काढूनही शिकावे, पण त्या कर्जाला जामीन त्यांची उद्याची कमाई राहावी. बापाची जमीन त्यात ओढली जाऊ नये. हा काही हट्ट नाही. ज्या देशांत आपली पोरे जाऊ पाहतात, ते देश आपापल्या पोरांना कर्ज देताना असेच करतात.

वकील कशाला हवेत?

कोरडवाहू शेतकऱ्याला डॉक्टरइतकीच वकिलाची गरज पडते. रस्त्याला जमीन गेली की २०१३ चा भूसंपादन कायदा आडवा येतो. मोबदला कसा काढला हे भूसंपादन अधिकाऱ्याला कळते, शेतकऱ्याला कळत नाही. विमा कंपनी नुकसानीचा दावा फेटाळते तेव्हा कोणत्या कलमाखाली फेटाळला हे वाचून दाखवणारा तालुक्यात सापडत नाही. बियाणे उगवले नाही तर शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली दिला. आज किती गावांना तो ठाऊक आहे? आम्ही शेतकी शिकलो. बियाणे का उगवले नाही हे आम्ही सांगू शकतो, पंचनामा कसा करायचा तेही सांगू शकतो. पण पंचनाम्याचा कागद घेऊन न्यायालयात उभे राहणे हे आमच्या पदवीत बसत नाही. तिथे आपल्या घरातलाच माणूस लागतो. म्हणून पोरगी वकील होऊ म्हणाली तर तिला अडवू नका. पण ते पैसे कोण भरणार आणि बुडाले तर कोणाचे बुडणार, हा हिशेब आधी मांडा.

बिल कापसात मोजू

अमेरिकेत वकिलीच्या दोन मुख्य पदव्या आहेत. जे.डी. ही तिथली मूळ पदवी. ती कोणत्याही विषयात पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांची. एलएल.एम. ही एक वर्षाची. आपल्याकडे एलएल.बी. झालेला पोरगा तिकडे जातो तो बहुधा या एका वर्षासाठी. नावाजलेल्या खाजगी विद्यापीठात एका वर्षाची फीच ८० हजार डॉलरच्या आसपास असते. खोली, जेवण, आरोग्यविमा, पुस्तके धरली की आकडा १ लाख १० हजार डॉलरच्या घरात जातो. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी ९३ लाख ५० हजार रुपये झाले. हा एका वर्षाचा खर्च आहे. जे.डी. करायची तर तीनाने गुणा.

आता हा आकडा आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने ९३ लाख ५० हजार म्हणजे १,१५३ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल आला तर आपण पीक बरे आले म्हणतो. पाच एकरवाल्याचे वर्षाला २५ क्विंटल. म्हणजे बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी यांवर एक पैसाही खर्च झाला नाही, सगळा कापूस हमीभावानेच विकला गेला आणि घरात कोणी जेवलेच नाही, असे धरले तरी ४६ वर्षांचा कापूस एका वर्षाच्या पदवीला लागतो. संकरित ज्वारीचा त्याच हंगामातला हमीभाव ३,६९९ रुपये. ज्वारीत मोजले तर अडीच हजार क्विंटलच्या वर. आणि हमीभाव प्रत्यक्षात किती वेळा हातात पडतो, ते या सभेला आम्ही सांगायला नको.

इंग्लंडमध्ये खर्च थोडा कमी. लंडनच्या नामांकित विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला एलएल.एम.ची फी ३० हजार पौंडांच्या वर जाते. राहण्याचा खर्च वेगळा. तिथेही अर्धे कोटी हाताशी ठेवावे लागतात.

एजंट म्हणतो पन्नास टक्के शिष्यवृत्ती. म्हणजे काय ते समजून घ्या. भाव चढवून लिहायचा आणि मग घसघशीत सूट द्यायची, हा व्यापार आपण कापडाच्या दुकानात रोज पाहतो. निम्मी फी माफ झाली तरी उरलेली निम्मी आणि राहण्याचा सगळा खर्च आपल्याच डोक्यावर राहतो. सूट किती मिळाली याला महत्त्व देऊ नका. किती भरायचे उरले ते विचारा.

एका बाकावर दोन मापे

आता खरा मुद्दा. त्याच वर्गात, त्याच बाकावर तिथला पोरगा बसतो आणि आपलाही बसतो. तिथल्या पोराला पैसे कसे मिळतात ते पाहा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्याला एलएल.एम.सारख्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकार कर्ज देते. रक्कम १२ हजार पौंडांच्या वर. तारण नाही, जामीनदार नाही, बापाची सही नाही. फेड कशी? वर्षाची कमाई २१ हजार पौंडांच्या वर गेली तरच फेड सुरू होते, आणि तीही वरच्या रकमेच्या फक्त ६ टक्के. २५ हजार कमावले तर वरचे ४ हजार, त्याचे ६ टक्के म्हणजे वर्षाला २४० पौंड. २० हजारच कमावले तर त्या वर्षी हप्ता शून्य. नोकरी गेली, आजारी पडला, हप्ता शून्य. ३० वर्षे झाली की उरलेले कर्ज रद्द. त्यावर व्याज लागते, आणि ती रक्कम सगळ्या खर्चाला पुरत नाही, हेही खरे. पण घर कोणाचे जात नाही.

भावांनो, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. ही बटाईची पद्धत आहे. पिकले तर वाटा, नाही पिकले तर वाटा नाही. आपण वर्षानुवर्षे बँकेला हेच सांगत आलो की आमची कमाई पावसावर आहे, तर फेडही पावसावर ठेवा. बँक म्हणते असे कर्ज जगात कुठे असते का? असते. साहेबाच्या देशात, साहेबाच्या पोरासाठी असते.

अमेरिकेत केंद्र सरकार कर्ज देते. ते तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज या योजनेतून मिळू शकत होते. २०२५ च्या जुलैत तिथे नवा कायदा झाला. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ती योजना बंद, आणि वकिलीसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा. म्हणजे तिथल्या घरच्या पोराचेही सगळे गोड नाही. त्यालाही आता उरलेल्यासाठी खाजगी सावकाराचे दार आहे. तरी त्याला एक सवलत आहे : सरकारी नोकरीत किंवा धर्मादाय संस्थेत १० वर्षे काम करून नियमाप्रमाणे हप्ते भरले की सरकारी कर्जातले उरलेले माफ. गरिबांचे खटले लढणाऱ्या वकिलाला याचा उपयोग होतो.

आपल्या पोराला यातले काही नाही. खाजगी बँक कर्ज देईल, पण बहुधा अमेरिकन नागरिक जामीन आणा म्हणते. राज्याच्या विद्यापीठात गेला तर त्या राज्यातल्या रहिवाशाला कमी फी, बाहेरच्याला जास्त. आपला पोरगा कायम बाहेरचाच. व्हिसा मिळण्याआधीच पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. शिकताना काम करायचे तर विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पदवीनंतर त्या शिक्षणाच्या जोरावर काम करायला साधारण १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मुदत वाढवून मिळते, वकिलीवाल्यांना नाही. कर्ज १५ वर्षांचे, कमाईची परवानगी १२ महिन्यांची. कोणता शेतकरी अशा बोलीवर शेत करील?

याबद्दल आम्ही त्या देशांना शिव्या देत नाही. कराच्या पैशातून त्यांनी आपल्या पोरांना आधी पाहावे, हे रीतीचेच आहे. आमचा सवाल आमच्या सरकारला आहे. त्यांनी त्यांच्या पोरांना घरचे मानले. तुम्ही आमच्या पोरांना कोणाचे मानता?

आपल्या बँकेच्या दारात

आपल्याकडे शैक्षणिक कर्जाची रीत अशी. साडेसात लाखांपर्यंत पत हमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. त्याच्या वर बँक तारण मागते. ९० लाखांपुढे साडेसात लाख म्हणजे विहिरीच्या कडेला ठेवलेला तांब्या.

तारण काय चालते? शहरातला फ्लॅट चालतो. बिनशेती प्लॉट चालतो. मुदत ठेव चालते. शेतजमीन बहुतेक बँकांना चालत नाही. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याचे कलम ३१. न्यायालयात न जाता तारण जप्त करायचा जो अधिकार बँकांना त्या कायद्याने दिला, त्यातून शेतजमीन वगळली आहे. जे झटपट जप्त करता येत नाही ते बँकेच्या लेखी तारणच नाही. म्हणून पुण्याच्या नोकरदाराच्या दोन खोल्यांवर चाळीस लाख उभे राहतात, आणि तुमच्या दहा एकरांवर पोरीच्या शिक्षणाला चार आणे उभे राहत नाहीत.

इथे काही शहाणे म्हणतील, मग ते कलमच काढा, शेतजमीन तारणाला मोकळी करा. त्यांना या सभेतून ठणकावून सांगू : ते कलम आमच्या बांधावरची काटेरी वई आहे. तिला हात लावायचा नाही. पोराच्या पदवीसाठी वई मोडली तर उद्या ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठीही बँकेचा लिलाव थेट शेतात येईल. जमीन तारणाला चालवून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. कर्ज जमिनीशिवाय द्या, असे म्हणतो.

बँक नाही म्हणाली की माणूस सावकाराकडे वळतो. सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी बोली असते की पैसे दिले की जमीन परत. फेरफार मात्र त्याच्या नावाने होतो. अशात कोणी अडकला असेल तर त्याने गप्प बसू नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन परत करण्याचा आदेश ते देऊ शकतात.

दुसरी अडचण सिबिलची. शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार असतो. बापाचे पीककर्ज दुष्काळात थकलेले असते. बँक त्याचे खाते पाहते आणि पोराचा अर्ज बाजूला ठेवते. म्हणजे बोंडअळी पऱ्हाटीला लागली आणि पदवी पोराची किडली. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की विद्यार्थ्याचा सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. बापाच्या थकलेल्या पीककर्जालाही तोच न्याय लावा, असे आपण म्हटले पाहिजे.

आणि समजा मिळाले कर्ज. ५० लाख मिळाले, व्याज ११ टक्के धरा. शिक्षणाचे एक वर्ष आणि नोकरी शोधायचे एक वर्ष, या दोन वर्षांत साध्या व्याजानेच ११ लाख चढले. मग ६१ लाखांवर १५ वर्षे महिन्याला सुमारे ६९ हजार. एकूण फेड सव्वा कोटीच्या घरात. तालुक्याच्या कोर्टात नवा वकील महिन्याला ६९ हजार हप्ता भरू शकेल काय? नाही भरू शकत. म्हणजे तो तालुक्याला परत येऊच शकत नाही. त्याला मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीच्या कचेरीतच काम करावे लागते, आणि उद्या विमा कंपनीच्या बाजूने उभा राहून तोच आपला दावा फेटाळून लावतो. दोष त्याचा नाही, हप्त्याचा आहे. कर्ज ज्याचे, वकील त्याचा.

सरकार म्हणते आम्ही व्याजावर आयकरात सूट देतो. आयकर भरणाऱ्याला देता. कोरडवाहू शेतकऱ्याला आयकरच लागत नाही, तर सूट कशातून घेणार? ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. चांगले पाऊल आहे, चांगल्याला चांगले म्हणू. पण ते देशातल्या निवडक संस्थांपुरते आहे, आणि तिथेही हप्ता ठरल्या तारखेला भरायचा, मग कमाई असो वा नसो.

बाबासाहेबांनी काय गहाण टाकले होते?

कोणी म्हणेल, जमिनीशिवाय परदेशी शिक्षण होत नसते. खोटे आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. करारात जमीन नव्हती, परत येऊन संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचे वचन होते. महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले.

समाजाने घातलेला तो पैसा कुठे फिटला पाहा. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढचे सर्व आपण जाणतो. आपल्या वऱ्हाडात पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आले. १९३२ साली त्यांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली, की पुढच्या पोराला घरच्याजवळ शिकता यावे. १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते.

आज काय? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशासाठी १२५ जागा. त्यात भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या दोघांना मिळून ४. कश्मीर ते कन्याकुमारी, सगळ्या शेतमजुरांच्या पोरांना आणि सगळ्या सुतार, कुंभार, विणकरांच्या पोरांना मिळून ४! राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, जागा ७५. मराठा-कुणब्यांसाठी सारथीची, इतर मागासवर्ग आणि आदिवासींसाठी त्या त्या खात्यांची आहे. या आहेत त्या योजना लढून मिळाल्या आहेत, त्या टिकवल्या पाहिजेत. पण एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी जे कळले ते आजच्या सरकारला मोठ्या मापाने का करता येऊ नये?

सनद इथेच मिळते

आता एजंट जे सांगत नाही ते ऐका. आपल्या कोर्टात उभे राहायला परदेशी एलएल.एम. लागत नाही. लागते ती बार कौन्सिलने मान्य केलेली एलएल.बी., राज्याच्या बार कौन्सिलकडे नावनोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पदवीनंतरची एलएल.बी. तीन वर्षांची. राज्याची सीईटी द्यावी लागते. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयात तिची फी वर्षाला हजारांत असते, लाखांत नाही. उलट परदेशातून वकिलीची मूळ पदवी घेऊन आलात तर ती इथे मान्य आहे का ते आधी पाहावे लागते आणि वर पात्रता परीक्षा द्यावी लागते.

अमेरिकेतही एलएल.एम. झाले की वकिली सुरू, असे नाही. न्यूयॉर्कसारख्या मोजक्या राज्यांत अटी पाळून बारच्या परीक्षेला बसता येते, बहुतेक राज्यांत दार बंद किंवा अरुंद आहे.

सनदेच्या फीची गोष्टही ध्यानात ठेवा. राज्यांच्या बार कौन्सिला नावनोंदणीला हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५. मुद्रांक शुल्क लागेल ते वेगळे. कोणी वरचे मागितले तर पावती मागा.

दोन मापे आपल्या घरातही आहेत, तेही लपवू नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला निघाली. जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या जमिनीवर निघाली. अशा विद्यापीठांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी वर्षाला २ लाखांच्या वर जाते. कित्येक विधी विद्यापीठांत अनिवासी भारतीयांसाठी वेगळ्या, कितीतरी महाग जागा असतात. ज्याच्याकडे डॉलर आहे त्याला वेगळे दार, आणि ज्याच्याकडे ज्वारी आहे त्याने प्रवेश परीक्षेच्या रांगेत उभे राहायचे.

जायचेच असेल तर

तरी कोणाला जायचेच असेल, तर जावे. ज्ञानाला बांध नाही. पण पेरणीआधी माती तपासतो तसे आधी तपासावे.

पहिले, एलएल.बी. इथे करा आणि दोन-तीन वर्षे काम करा. मोठ्या शिष्यवृत्त्या काम केलेल्यालाच मिळतात. इंग्लंडची चेव्हनिंग दोन वर्षांचा अनुभव मागते आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी राहायला सांगते. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्ती तीन वर्षांचा अनुभव मागते, तिच्यात आंतरराष्ट्रीय विधी अभ्यास हा विषय आहे. १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो.

दुसरे, विद्यापीठालाच गरजेनुसार मदत मागा. हार्वर्ड, येल यांच्यासारखी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यालाही घरची ऐपत पाहून मदत देतात. अर्जाच्या मुदती आधीच संपतात, म्हणून प्रवेशाच्या अर्जाबरोबर मदतीचाही अर्ज टाका. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि सात-बारा इंग्रजीत करून घ्या. सात-बाऱ्याचा एवढा उपयोग जरूर करा.

तिसरे, परदेशी खाजगी कंपनीचे डॉलरमधले कर्ज घ्याल तर डॉलर वाढेल तेही कर्जच समजा. २००० साली डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. तुम्ही कमावणार रुपयात आणि फेडणार डॉलरमध्ये, तर ती उलटी पट्टी येणारच.

चौथे, एजंटाच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद संघटनेच्या तालुका कार्यालयात दाखवा. जमिनीचा एकही कागद, नक्कलसुद्धा, त्याच्या हाती देऊ नका.

आमच्या मागण्या

या बैठकीत पुढील ठराव मांडत आहोत. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा आणि पटले तर हात वर करून मंजूर करा.

१. शैक्षणिक कर्जाची फेड कमाईशी बांधा. ठरावीक कमाईच्या वर गेल्यावरच हप्ता, आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेले रद्द.

२. शेतकरी आणि शेतमजुरांच्या पोरांच्या तारणाशिवायच्या कर्जाची साडेसात लाखांची मर्यादा वाढवा. हमी सरकारने घ्यावी. सरफेसी कायद्यातले शेतजमिनीचे संरक्षण मात्र जसेच्या तसे ठेवावे.

३. बापाचे थकलेले पीककर्ज हे पोराचे शैक्षणिक कर्ज नाकारण्याचे कारण होऊ नये.

४. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर यांच्या चार जागांची थट्टा थांबवा.

५. तालुक्याच्या कोर्टात ठरावीक वर्षे शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे खटले चालवणाऱ्या वकिलाचे शैक्षणिक कर्ज सरकारने फेडावे. अमेरिका आपल्या पोरांना हे देते. आपणही द्यावे.

६. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी सरकारी किंवा अनुदानित विधी महाविद्यालय, मराठीतून शिकण्याची सोय आणि मुलींचे वसतिगृह.

कोणी विचारील, एवढा पैसा सरकार आणणार कुठून? उद्योगांची बुडीत कर्जे निर्लेखित करताना हा प्रश्न कधी कोणी विचारत नाही. आमचे मागणे माफीचेही नाही. पोरगी कमावेल तेव्हा फेडील, जेवढे कमावेल त्या मानाने फेडील. बियाणे उगवेल की नाही याची जोखीम पिढ्यान् पिढ्या एकट्या शेतकऱ्याने घेतली. पोरीच्या शिक्षणाची जोखीम तरी देशाने अर्धी उचलावी.

तोवर पुढच्या आठवड्यात एजंट पुन्हा येईल. चहा पाजा, माणुसकी सोडू नका. सात-बाऱ्याचे विचारले तर सांगा, पोरगी शिकणार आहे, जमीन कुठे जाणार नाही.